सायकिअ‍ॅट्रीची एमडी मुंबईत: केईएम, सायन, नायर की जेजे, आणि शिवाय ठाणे

नीट-पीजीचा निकाल लागला की चॉइस फिलिंगला हातात मोजके दिवस असतात. सायकिअ‍ॅट्री घ्यायचं पक्कं असलेलेही मागच्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून कॉलेजं एकाखाली एक भरतात. कटऑफवरून आधीच्या बॅचचा कल कळतो. तीन वर्षं आपल्यासमोरच्या खुर्चीत कोण येऊन बसणार, हे काही त्यातून कळत नाही, आणि या विषयात निम्मं शिकवतो तो खुर्चीतला माणूसच.

कागदावर चौघांत फारसा फरक नाही. चारही कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली. तीन वर्षं, प्रबंध, शेवटी चार पेपर आणि प्रॅक्टिकल. निम्म्या जागा ऑल इंडिया कोट्यातून, निम्म्या राज्याच्या सीईटी सेलकडून, आणि नंतर १ वर्षाचा बाँड (सरकारी सेवेची अट). केईएम, सायन, नायर महापालिकेची. जेजे राज्य सरकारचं. खरा फरक कॅज्युअल्टीच्या दारापासून सुरू होतो.

केईएम परळला, टाटा आणि वाडियाच्या शेजारी. १,८०० च्या आसपास खाटा आणि सुपरस्पेशालिटी विभाग एकाच आवारात, त्यामुळे इथला रेसिडेंट (एमडी करणारा डॉक्टर) रेफरन्सवर, म्हणजे इतर विभागांनी मत विचारलेल्या पेशंटवर, घडतो. ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते तो आजार) बाईला स्टिरॉइड वाढवल्यावर भास व्हायला लागले, तर आजार मेंदूपर्यंत पोचला की हा औषधाचा परिणाम? भावाला किडनी द्यायला तयार झालेली बहीण तपासणीला येते. घरच्यांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोलल्याशिवाय ‘हो’ तिचं आहे की तिच्याकडून वदवून घेतलेलं, हे कळत नाही. मेडिसिन आणि न्यूरोलॉजी आवडत असेल तर केईएम वर ठेवा. त्यांचं शहरी आरोग्य केंद्र मात्र मालाडच्या मालवणीत आहे. परळहून तिथे जाण्या-येण्यात दिवस मोडतो.

सायनचा पिंड ट्रॉमाचा, म्हणजे अपघाती जखमांचा. हाड मोडून ऑर्थोत भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री चादर खुडायला लागतो, सलाइन उपटतो, आणि रेफरन्सच्या कागदावर ‘व्हायलंट, शिफ्ट टू सायकिअ‍ॅट्री’ एवढंच लिहिलेलं असतं. शेवटची दारू घेऊन ४८ ते ७२ तास झालेत, हे बायकोकडून काढून घ्यायला पाच मिनिटं पुरतात. दारू अचानक सुटल्याने डिलिरियममध्ये (भ्रमिष्टावस्थेत) गेलेला हा पेशंट हलवायचा नसतो, आहे तिथेच सांभाळायचा: शांत करणारं लोराझेपाम, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (व्हिटॅमिन बी-१). क्रम उलटा झाला तर वेर्निके एन्सेफॅलोपथी (थायमिनअभावी मेंदूला होणारी इजा) ओढवू शकते. व्यसनाची आणि इमर्जन्सीची तयारी करायला सायनसारखी जागा नाही, असं आमचं मत. शिवाय धारावीचं आरोग्य केंद्र हाकेच्या अंतरावर. औषध का सुटलं हे पेशंटच्या गल्लीत उभं राहिल्यावर जितकं समजतं, तितकं ओपीडीत समजत नाही.

जेजेला इतिहास मोठा आहे: कॉलेज १८४५ चं, आणि सर्वसाधारण रुग्णालयातला देशातल्या पहिल्या काही मानसोपचार विभागांपैकी एक इथेच, १९३८ मध्ये, डॉ. के. के. मसानींनी सुरू केला. आजच्या रेसिडेंटला त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे आर्थर रोड तुरुंगातले कैदी उपचाराला इथे येतात. बेडी, शेजारी हवालदार, आणि आजार खरा की बतावणी हा प्रश्न. फोरेन्सिककडे (कोर्ट-कायद्याशी जोडलेल्या मानसोपचाराकडे) ओढा असेल तर जेजे.

नायर मुंबई सेंट्रलला, नागपाडा आणि कामाठीपुऱ्याच्या वस्तीत. जनरल सायकिअ‍ॅट्रीचा पाया पक्का करायला नायरही चांगलंच.

नेरूळ-कामोठ्याच्या अभिमत विद्यापीठांत फी लाखांत असते. साधारणपणे गर्दी कमी, म्हणून एका पेशंटला वेळ जास्त मिळतो. पण रात्रीच्या इमर्जन्सी किती असतात ते आधी विचारा.

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय इथे पोस्टिंगची जागा म्हणून घेतलंय. १९०१ चं, १,८५० खाटांचं. जनरल हॉस्पिटलात पेशंट काही आठवड्यांत घरी जातो; दहा-पंधरा वर्षांचा स्किझोफ्रेनिया कसा दिसतो, आणि बरा झालेला माणूस न्यायला घरचं कोणी का येत नाही, ते ठाण्यात दिसतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ ही तिथेच हाताखालून जातो. कलम ८९ खालची (पेशंटच्या नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावरून होणारी) भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची. बाई किंवा अल्पवयीन असेल तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ३ दिवसांत कळवायचं, बाकीच्यांचं ७ दिवसांत. तारीख चुकली की भरतीच बेकायदा ठरायची वेळ येते. ही पोस्टिंग नुसत्या सहीपुरती उरकली जाते का, हे सीनियरना स्पष्ट विचारा.

कॉलेज पाहायला गेलात तर लायब्ररीआधी ईसीटीची (मेंदूला वीज देऊन करायच्या उपचाराची) खोली बघा. भूलतज्ज्ञ ठरलेल्या वारी येतो की ओटीची यादी संपल्यावर? स्नायू शिथिल करणारं इंजेक्शन देण्याआधी एका घोट्यावर बीपीचा कफ फुगवून ठेवतात का? तसं केलं तरच त्या पावलात आकडीचा झटका दिसतो आणि सेकंद मोजता येतात. आदल्या रात्री झोपेसाठी लोराझेपाम दिलेलं असेल तर झटका तोकडा येतो आणि मशीनला उगाच दोष लागतो. भूल आणि स्नायुशिथिलकाशिवाय ईसीटी द्यायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे भूलतज्ज्ञ नाही तर त्या दिवशी ईसीटीही नाही.

दुसरा प्रश्न लीथियमच्या (मूड स्थिर ठेवणारं औषध) रक्तातल्या पातळीचा. तपासणी हॉस्पिटलातच होते का, आणि रक्त किती वाजता घेतात? रात्री ९ ची गोळी, तर सकाळी ९ ला रक्त: १२ तास. ओपीडीची रांग लांबते, आई चहाबरोबर सकाळची गोळी देऊन टाकते, पातळी खोटीच वाढलेली येते, कोणीतरी डोस कमी करतं आणि महिन्याभरात मेनिया परत. वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशी ‘रक्त झाल्यावर गोळी’ असं न सांगता पाळत असतील, तर विभागाला शिस्त आहे असं समजा.

तिसरा सायकोथेरपीचा, आणि पालिकेच्या गर्दीत सगळ्यांत दुबळी बाजू हीच. तीन वर्षांत किती केसेस कोणाच्या देखरेखीखाली पूर्ण केल्या, असा आकडाच मागा. ‘करतो की’ एवढंच उत्तर मिळालं तर तेवढ्यावरून ओळखा.

हे सगळं जेआर-२ ला (दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला) विचारा, फॉलोअप ओपीडीच्या दिवशी, दुपारी दोननंतर. जेआर-१ ला सांगायला श्वास नसतो आणि जेआर-३ प्रबंधात बुडालेला असतो. तिसऱ्या ते पाचव्या सत्रात रेसिडेंट ३ महिने जिल्हा रेसिडेन्सीसाठी (जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयातली ड्युटी) बाहेर जातात, तेव्हा मागे उरलेल्यांच्या ड्युट्या कशा लागतात, तेही जेआर-२ लाच नेमकं माहीत असतं.