21 दिवसांत लकवा बरा करतो म्हणाला, आणि आमचा दीड महिना घेऊन गेला

मागच्या दिवाळीनंतर माझ्या वडिलांना, अण्णांना, उजव्या बाजूचा लकवा झाला. झोपेतच झाला असावा. करमाळ्याहून सोलापूरला पोहोचेपर्यंत मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत टळून गेली होती. दहा दिवसांनी घरी आणलं. उजवा हात-पाय लुळा, वाचा गेलेली. पाणी हवं असलं तरी "चला", आईला हाक मारायची तरी "चला".

गोळ्या चालू ठेवा आणि रोज फिजिओथेरपी करा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण भेटायला येणारा प्रत्येक जण कुणाचा तरी नंबर देऊन जायचा. त्यातलाच एक माणूस तिसऱ्या आठवड्यात घरी आला. हातात फाइल, तिच्यात चालायला लागलेल्या पेशंटचे फोटो. आईला म्हणाला, "मावशी, 21 दिवसांत काकांना देवळापर्यंत चालवत नेतो." तेल, पुड्या आणि मालिश मिळून 36,000 रुपये, तेही आधी आणि रोख. पावती मागितली तर म्हणाला, कोर्स संपल्यावर एकदम देतो. आईने पाटली मोडली.

पाचव्या दिवशी अण्णांची बोटं हलली. आई रडली, मी त्या माणसाच्या पाया पडलो. त्याने लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढून घेतला. आम्ही फसलो ते इथे. झटक्यानंतर मेंदूला आलेली सूज पहिल्या काही आठवड्यांत उतरते आणि थोडी हालचाल आपोआप परत येते, हे डॉक्टरांनी मला नंतर समजावलं. ही माणसं नेमकी त्याच सुमाराला दारात येतात.

मग "नस अडकलीय" म्हणून आणखी 18,500 घेतले. इंग्रजी गोळ्यांनी आपल्या औषधाचा गुण जातो, असं सांगून रक्त पातळ करणारी आणि बीपीची गोळी बंद करायला लावली. मी ती केली. याचा विचार आला की अजून झोप उडते. नस मोकळी करायला तो अण्णांचा लुळा हात मनगटाला धरून वर ओढायचा. अण्णा ओरडायचे, "चला! चला!" आम्हाला वाटायचं, दुखतंय म्हणजे जाणीव परत येतेय.

सहा आठवड्यांनी त्याचा फोन बंद झाला.

मग तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना बोलावलं. त्यांनी अण्णांचा सदरा उतरवला आणि माझी बोटं धरून खांद्याच्या टोकाखाली ठेवली. तिथे दोन बोटं मावतील एवढा खड्डा होता. स्नायू सैल असताना हात ओढल्यामुळे सांधा खाली सरकला होता. बीपी निघालं 190/110. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळ्या पुन्हा सुरू केल्या. ताईंनी हाताखाली उशी दिली, काखेत धरून उचलायचं नाही म्हणून आईला ताकीद दिली. मग अण्णांसमोर बसून त्या आकडे मोजायला लागल्या, आणि "चला"शिवाय काही न बोलणारे अण्णा त्यांच्यामागून एक ते दहा म्हणाले! इतके दिवस घरात कुणी ते करूनच पाहिलं नव्हतं.

"दादा, सुधारणा पुढेही होते, पण पहिले तीन महिने सगळ्यात जोराचे असतात," ताई म्हणाल्या. त्यातला निम्मा काळ तो घेऊन गेला. पैशांचं दुःख त्यापुढे काहीच नाही.

औषधाने लकवा बरा होतो अशी जाहिरात करणं हाच 1954 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मला तक्रार देताना कळलं. पोलिसांत आणि अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिलाय. पैसे रोख दिल्यामुळे हातात पुरावा म्हणजे त्याचे मेसेज आणि दोन पुड्या. तुमच्याकडे असं काही घडलं असेल तर पुड्यांचे कागदसुद्धा फेकू नका.

गेल्या आठवड्यात बार्शीच्या आत्याच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला, 'लकव्यावर पाच दिवसांत गुण'. आमच्या पडवीतली निळ्या नवारीची खाट, आणि तिच्यावर हळूच हलणारी तीन बोटं. चेहरा दिसत नाही. तुमच्यापर्यंत तो आला तर ओळखा, ती बोटं माझ्या अण्णांची आहेत. त्या हाताने त्यांना अजून पाण्याचा पेला उचलता येत नाही.