बोलून लिहिलेला मजकूर सुधारण्यासाठी कोणते साधन निवडावे?

बोलून लिहून घेणारे सॉफ्टवेअर निवडताना बहुतेक जण आपण बोललेले किती शब्द बरोबर उमटतात एवढेच तपासतात. माझ्या मते, चुकलेले शब्द किती श्रमांत आणि किती खात्रीने सुधारता येतात हे त्याआधी पाहायला हवे. फोर्टमधील वकिलाचे कार्यालय असो, दादरचा प्रकाशक असो किंवा अंधेरीत उपशीर्षके लिहिणारा अनुवादक असो, प्रत्येकाचा खरा वेळ दुरुस्तीतच जातो आणि ती दुरुस्ती प्रत्येक साधनात वेगळ्या रीतीने करावी लागते.

काम मुख्यतः इंग्रजीत असेल, तर १९९७ साली बाजारात आलेल्या आणि आज मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या न्युअन्स कंपनीकडे असलेल्या 'ड्रॅगन'चा विचार आधी करावा. त्याला मराठी येत नाही, ते विंडोजवर चालते आणि स्वस्तही नाही. पण कळफलकाला हात न लावता दुरुस्ती करण्याची त्याची सोय अतिशय पक्की आहे. 'करेक्ट' म्हणून चुकलेला शब्द उच्चारला की पर्यायांची क्रमांकित यादी समोर येते, त्यातला क्रमांक सांगता येतो आणि यादीत योग्य शब्द नसेल तर अक्षरे एकेक करून सांगता येतात. कांजूरमार्ग किंवा विलेपार्ले यांसारखी नावे शब्दसंग्रहात घालताना लिखित रूप आणि उच्चारी रूप वेगवेगळे नोंदवता येते, त्यामुळे तीच ती नावे वारंवार येणाऱ्या दस्तऐवजांत पुष्कळ श्रम वाचतात.

मात्र ड्रॅगन वापरणाऱ्याने एक भेद काटेकोरपणे पाळला पाहिजे. सॉफ्टवेअरने चुकीचे ऐकले असेल तरच 'करेक्ट' वापरावे, कारण त्या दुरुस्तीतून ते आपला उच्चार शिकत असते. आपण बरोबर बोललो, ते बरोबर उमटले आणि नंतर आपल्यालाच दुसरा शब्द सुचला, तर 'सिलेक्ट' म्हणून तो भाग निवडावा आणि नव्याने बोलावा. अन्यथा एका उच्चाराशी भलताच शब्द जोडला जातो आणि पुढे चुका वाढतात. शिवाय एकच शब्द न निवडता आसपासच्या तीन-चार शब्दांचा गट निवडून पुन्हा बोलणे अधिक फलदायी ठरते, कारण हे सॉफ्टवेअर शेजारच्या शब्दांवरून अंदाज बांधत असते.

मराठीसाठी सर्वांत सहज मिळणारे साधन म्हणजे गूगल डॉक्समधील व्हॉइस टायपिंग. ते विनामूल्य आहे आणि क्रोम ब्राउझरमध्ये चालते. परंतु मजकूर निवडणे, खोडणे, ठळक करणे यांसाठीच्या तोंडी आज्ञा त्यात इंग्रजीपुरत्याच आहेत आणि विरामचिन्हे बोलून घालण्याची सोयही मराठीत नाही. म्हणजे येथे मजकूर तोंडाने आणि दुरुस्ती हाताने, हे गृहीत धरूनच पद्धत बसवावी लागते. माइक बंद न करता चुकीच्या जागी कर्सर नेऊन शब्द सुधारता येतो, पण मग कर्सर पुन्हा शेवटी आणण्याचे विसरले, तर पुढचे वाक्य मजकुराच्या मध्येच शिरते. म्हणून एक परिच्छेद सलग बोलून घ्यावा आणि मगच मागे वळावे, असा माझा आग्रह आहे.

मराठीतल्या चुका बऱ्याच अंशी ठरावीक असतात, आणि हेच आपल्या पथ्यावर पडते. 'दादरच्या सदनिकेच्या थकबाकीबाबत सोसायटीला नोटीस दिली' हे वाक्य पुष्कळदा 'दादर च्या सदनिके च्या थकबाकी बाबत सोसायटी ला नोटीस दिली' असे तुटक उमटते. असे प्रत्यय एकेक करून जोडत बसण्यापेक्षा 'शोधा आणि बदला' ही सोय वापरावी; पण शोधताना प्रत्ययाच्या आधीची आणि नंतरची, अशा दोन्ही मोकळ्या जागा शोधशब्दात घ्याव्यात. फक्त आधीची जागा घेऊन 'चा' जोडायला गेलो, तर 'तो चांगला' याचे 'तोचांगला' होते आणि 'ला' जोडताना 'पाऊस लागला' हेदेखील एकत्र चिकटते. 'वर' आणि 'मध्ये' हे शब्द स्वतंत्रपणेही येत असल्याने ते एका फटक्यात बदलू नयेत, प्रत्येक जागा पाहूनच बदलावेत.

विरामचिन्हांसाठीही असाच मार्ग काढता येतो. बोलताना 'पूर्णविराम' आणि 'स्वल्पविराम' हे शब्द स्पष्ट उच्चारावेत, ते शब्द म्हणूनच उमटू द्यावेत आणि शेवटी त्यांच्या जागी चिन्हे घालावीत. क्रम मात्र महत्त्वाचा आहे: आधी प्रत्यय जोडावेत, नंतर चिन्हे घालावीत. उलट केले, तर 'सोसायटी ला' याच्या पुढे बिंदू येतो आणि मोकळी जागा उरत नसल्यामुळे तो प्रत्यय शोधात सापडतच नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचे काम यंत्रावर सोपवता येत नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांतला फरक कानाला जवळजवळ कळत नाही. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम जाणणाऱ्या माणसाने तो मजकूर डोळ्यांखालून घालायलाच हवा. ही फेरी शेवटची आणि स्वतंत्र ठेवावी, कारण प्रत्यय जोडताना शुद्धलेखनही पाहू लागलो की दोन्हींकडे दुर्लक्ष होते.

फोनवरील जीबोर्ड या गूगलच्या कळफलकात २०१७ पासून मराठीत बोलून लिहिता येते. माइक तोंडाजवळ असल्याने गोंगाटाच्या जागीही ते बऱ्यापैकी निभावून नेते आणि स्पेसबारवर बोट सरकवून कर्सर हलवता येतो, हे सोयीचे आहे. तरी लहान पडद्यावर लांब मजकूर सुधारणे डोळ्यांना आणि बोटांना जाचक होते. मजकूर फोनवरून डॉक्समध्ये बोलून घ्यावा आणि घरी किंवा कार्यालयात मोठ्या पडद्यावर सुधारावा, एवढाच त्याचा उपयोग मी सुचवेन.

चौथा पर्याय म्हणजे आधी ध्वनिमुद्रण करून नंतर त्याचे मजकुरात रूपांतर करणे. ओपनएआयने सप्टेंबर २०२२ मध्ये खुले केलेले 'व्हिस्पर' मराठी ओळखते, विरामचिन्हे स्वतः घालते आणि आपल्याच संगणकावर इंटरनेटविना चालवता येते. अशिलाची किंवा रुग्णाची माहिती हाताळणाऱ्यांसाठी हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण ध्वनी कार्यालयाबाहेर जातच नाही. मराठीसाठी त्याची मोठी प्रारूपेच (मॉडेल) वापरावीत आणि ती वेगाने चालवायला सक्षम ग्राफिक्स कार्ड लागते. त्याचा खरा धोका वेगळा आहे: शांतता किंवा पार्श्वभूमीचा आवाज असलेल्या जागी ते कधी कधी कोणी न बोललेले वाक्य लिहून मोकळे होते किंवा एकच वाक्य पुन्हा पुन्हा उमटवते. ते वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे केवळ वाचून सापडत नाही. म्हणून येथे दुरुस्ती नेहमी ध्वनी ऐकत करावी, आणि वेळेच्या नोंदी मिळतात त्यांचा त्यासाठी उपयोग करावा.

इंग्रजी अर्ज व पत्रव्यवहार रोजचा असेल किंवा हात दुखत असल्यामुळे कळफलक टाळायचा असेल, तर ड्रॅगनचा खर्च योग्य ठरतो. मराठी लेख, पत्रे, अनुवाद यांसाठी डॉक्स आणि वर सांगितलेल्या क्रमाच्या फेऱ्या पुरेशा आहेत. मुलाखती, बैठका आणि गोपनीय कामासाठी व्हिस्पर घ्यावे, पण ऐकत तपासायला माणूस आणि वेळ हाताशी असेल तरच. मजकूर शेवटी एखाद्या छापखान्यात जायचा असेल, तर तिथे युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) चालते की जुना, युनिकोड नसलेला फॉन्ट लागतो हे आधी विचारावे. जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर करताना जोडाक्षरे बिघडू शकतात, त्यामुळे शुद्धलेखनाची शेवटची फेरी त्या रूपांतरानंतर घ्यावी लागते.