मॅक्रो मधेच थांबवून पुन्हा चालू करणं: आठ महिने वापरल्यावर

वर्डमध्ये मॅक्रो (साठवून ठेवलेली, एका आदेशात चालणारी पावलांची मालिका) थांबवता येतो एवढं ऐकून होतो. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायलाच पहिला महिना गेला. एक, रेकॉर्डिंग, म्हणजे आपण करतो ती पावलं मॅक्रोत नोंदवणं, थांबवणं. दुसरी, चालू मॅक्रो मधेच थांबवणं. पहिली तयार मिळते, दुसरी आपली आपण जमवावी लागते.

रेकॉर्डिंगचं पटकन उरकतो. व्ह्यू टॅबवर मॅक्रोज, त्यात पॉज रेकॉर्डिंग. मधल्या वेळात जे कराल ते मॅक्रोत उतरत नाही. रेज्युम रेकॉर्डर दाबलं की पुढचं उतरू लागतं. एक्सेलच्या रेकॉर्डरला ही सोय नाही, लिबरऑफिस रायटरच्याही नाही. फक्त पॉजमध्ये कर्सर हलवला असेल तर तो आधी जागेवर आणून ठेवा, नाहीतर मॅक्रो चालवताना पुढची पावलं भलतीकडेच पडतात.

खरी गरज मला दुसऱ्या प्रकारची होती. लांबलचक दस्तऐवजांत दोन आकड्यांमधली छोटी रेघ शोधायची आणि ‘10-12 पानं’ असेल तर तिथे लांब रेघ घालायची. पण तारखेत किंवा फोन नंबरात असेल तर हात लावायचा नाही. हा निर्णय मॅक्रोला जमत नाही. म्हणजे प्रत्येक ठिकाणी त्याने थांबायचं, मी बघायचं, मग त्याने पुढे जायचं.

सुरुवातीला मेसेज बॉक्स घातला. हो की नाही, एवढंच विचारायचं असेल तर तो उत्तम. पण तो उघडा असताना दस्तऐवजात टाइप करता येत नाही, आणि मला नेमकं तेच हवं असायचं. मग डूइव्हेंट्सचा लूप (वाट बघताना वर्डला इतर कामं करू देणारी, पुन्हा पुन्हा चालणारी आज्ञा) लावून बघितला. टाइप करता आलं खरं, पण मॅक्रो नुसता वाट बघत असतानाही प्रोसेसर राबत राहतो आणि लॅपटॉपचा पंखा घरघरतो. त्यातच मी एकदा वाट बघणारा मॅक्रो तसाच सोडून दुसरी फाइल उघडली. कोडमध्ये सगळीकडे ‘ॲक्टिव्ह डॉक्युमेंट’, म्हणजे त्या क्षणी समोर असलेली फाइल, असं लिहिलेलं, त्यामुळे पुढच्या दुरुस्त्या त्या दुसऱ्या फाइलमध्ये झाल्या! चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून पहिल्याच ओळीत दस्तऐवज एका व्हेरिएबलमध्ये (कोडमधल्या नाव दिलेल्या कप्प्यात) धरून ठेवतो.

कंट्रोल-ब्रेक या कळा दाबून चालू मॅक्रो अडवणं हा आणीबाणीचा उपाय. त्यात कंटिन्यू आणि एंड असे पर्याय येतात. एंड दाबताना जपून: मॅक्रोने सुरुवातीला ट्रॅक चेंजेस (केलेले बदल दाखवत ठेवणारी सोय) बंद केलं असेल, तर ते बंदच राहतं, कारण परत चालू करणारी ओळ शेवटी असते आणि तिथवर गाडी पोचतच नाही.

शेवटी जे टिकलं ते अगदी साधं. मॅक्रोने थांबायचंच नाही, संपायचं. एक जागा शोधायची, ती सिलेक्ट करायची, तिथे बुकमार्क (मजकुरातली नाव दिलेली खूण) ठेवायचा, बस्स. मी हवं ते करतो आणि शॉर्टकट पुन्हा दाबतो. मॅक्रो बुकमार्कवर जातो आणि तिथून पुढची जागा शोधतो. बुकमार्कऐवजी मी आधी अक्षरांच्या हिशेबाने जागेचा आकडा साठवत होतो. वरच्या परिच्छेदात चार शब्द वाढवले की तो आकडा चुकलाच. बुकमार्क मात्र मजकुरासोबत सरकतो, आणि फाइल सेव्ह केली की त्यातच राहतो. संध्याकाळी बंद केलेलं काम सकाळी तिथूनच सुरू होतं. आठ महिन्यांत मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

तोटा एकच सापडला. बुकमार्क ज्या मजकुरावर आहे तो मजकूरच पुसला, तर बुकमार्कही जातो आणि मॅक्रो एरर देऊन अडतो. म्हणून बुकमार्क आहे का, हे आधी तपासायचं; नसेल तर कर्सर असेल तिथून शोध चालू. आणि जागा संपल्या की मॅक्रोनेच बुकमार्क काढून टाकावा. मी हे विसरलो होतो, दोन फाइली तशाच पुढे गेल्या. कुणाच्या लक्षात आलं नसावं.