अर्डॅप, आठ महिने वापरून: त्या दुसऱ्या ओळीसकट

अर्डॅप म्हणजे मोजमापांचे आकडे वेबवर दाखवणारं आणि हव्या त्या फाईलप्रकारात उतरवू देणारं सॉफ्टवेअर, याहून जास्त सांगत बसत नाही. समुद्राची मापं लोकांपुढे ठेवायचं काम ज्याच्या गळ्यात पडलंय, त्याच्या कानावर नोआचं (अमेरिकेच्या समुद्र-हवामान संस्थेचं) हे फुकट सॉफ्टवेअर आलेलं असतंच. आमची किनाऱ्यावर पाच ठाणी, प्रत्येक ठिकाणी एक रडार टाइड गेज (वरून रडारने पाण्याची उंची मोजणारं यंत्र) आणि एक वारा मोजायचं यंत्र. लॉगरवाल्याने (लॉगर म्हणजे यंत्रांचे आकडे नोंदवून ठेवणारा डबा) डॅशबोर्डसाठी दरवर्षी पैसे मागितले, तेव्हा स्टोअररूममधल्या जुन्या मशीनवर उबुंटू टाकून हे बसवलं. खर्च शून्य. माझे चार रविवार धरायचे नसतील तर.

आधी तक्रार. सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेल्या रकान्यांची साधी फाईल) उतरवली की पहिल्या ओळीत रकान्यांची नावं येतात आणि दुसऱ्या ओळीत एककं. आकड्यांच्या डोक्यावर अक्षरं! पायथन तो सगळा रकाना मजकूर समजतं, सरासरी काढायला गेलं की एरर. साहेबांना दर सोमवारी एक्सेलमध्ये आलेख लागतो आणि दर सोमवारी फोन ठरलेला, ‘अरे, परत कचरा आलाय.’ पाच महिने मी ती ओळ हाताने उडवत होतो. एवढं मोठं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना ही साधी गोष्ट कळू नये?

वरचं मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. आता शब्द मागे घेतो, निदान अर्धे. फाईलप्रकारांच्या त्याच यादीत सीएसव्हीच्या शेजारी ‘सीएसव्हीपी’ आहे, त्यात एककं नावापुढे कंसात येतात. ‘सीएसव्ही-शून्य’ही आहे, त्यात नुसते आकडे. मी उत्साहाने साहेबांना शून्यवाली दिली. त्यांचा प्रश्न: ‘हे मीटर की सेंटिमीटर?’ आता सीएसव्हीपी देतो. पण साधी सीएसव्ही निवडणाऱ्या नवख्याला हे कोण सांगणार? माझा राग तेवढा कायम आहे.

वेळेचा घोळ मात्र सर्वस्वी माझा. लॉगर भारतीय वेळेत लिहितात, अर्डॅप सगळं यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) दाखवतं, आणि मी टाइम झोन न सांगता फाईली जोडल्या. साडेपाच तासांचा फरक. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे साडेपाच तास सरकलं की भरतीच्या जागी जवळजवळ ओहोटीच. मालवणच्या एका मच्छीमारकाकांनी फोन करून विचारलं, ‘हय होडी पाण्यात आसा आणि तुमच्या मोबायलार सुकती?’ वेळेच्या रकान्याला टाइम झोनची एक ओळ जोडली आणि भानगड मिटली.

जूनमध्ये ऐन वाऱ्यात दोन ठाणी यादीतून गायब. रात्री साडेअकरापर्यंत मी मोडेम, सिम, सोलर पॅनल सगळ्यांवर संशय घेतला. निघालं काय, तर कुठला डेटा कुठून घ्यायचा ते अर्डॅपला सांगणाऱ्या एक्सएमएल फाईलमध्ये शीर्षकात मी ‘आणि’ऐवजी नुसतं & टाकलं होतं. तिथे ते ‘&अँप;’ असं फोड करून लिहावं लागतं, आणि तेही रोमन अक्षरांत. तेव्हापासून फाईल आधी तपासून घेतो. दुरुस्तीनंतर फ्लॅग फोल्डरमध्ये त्या डेटासेटच्या नावाची रिकामी फाईल टाकायची, की तो लगेच पुन्हा वाचला जातो, सर्व्हर बंद करावा लागत नाही. ही सोय मला फारच आवडली.

एक समजून घ्या: आकडा खरा की खोटा, हे अर्डॅप बघत नाही. देवगडला कुणीतरी रडारच्या बरोबर खाली होडी बांधली, तर अर्डॅपने ती उंचीही समुद्राचीच म्हणून इमानेइतबारे दाखवली. आम्ही क्वार्टॉडच्या (समुद्री आकड्यांची गुणवत्ता तपासायच्या अमेरिकी नियमावलीच्या) पद्धतीने १ चांगला, ३ संशयित, ४ बाद, ९ गहाळ असे शिक्के मारणारी स्क्रिप्ट वेगळी लिहिली. ते काम वेगळं धरूनच चला.

लॉगरवाल्याचा नूतनीकरणासाठी पुन्हा फोन येऊन गेला, नको म्हटलं. जुन्या मशीनची हार्डडिस्क मात्र हल्ली करकरते. एसएसडीचं कोटेशन तीन आठवडे साहेबांच्या टेबलावर पडून आहे.