तीन फुटी टाकीत तीनच जाती: काही महिने सांभाळल्यानंतरचा अनुभव

माशांची टाकी तीन फुटी, साधारण दीडशे लिटरची. तिच्यात दहा हार्लेक्विन रासबोरा, आठ ब्राँझ कोरीडोरस आणि हनी गोरामीचा एक नर, दोन माद्या. बस. बघायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "अजून रंगीत काही नाही टाकलंत?" नाही टाकलं, आणि इतक्या महिन्यांनंतर टाकावंसं वाटतही नाही.

एकत्र ठेवायचे मासे निवडताना बहुतेक जण मासा शांत की भांडखोर एवढंच विचारतात. मोली आणि निऑन टेट्रा दोघेही स्वभावाने गरीब. पण मोलीला क्षार जास्त असलेलं पाणी मानवतं, निऑनला कमी क्षारांचं, किंचित आम्लधर्मी. एंजल लहान असतो तोवर निऑनबरोबर गुण्यागोविंदाने नांदतो. मोठा झाला की तोंडात मावेल तो मासा त्याच्या लेखी खाऊ. बोटाएवढा घेतलेला साधा प्लेको फूटभर वाढतो. गोल्डफिश तर या हिशोबातच नको, त्याला पाणी थंड लागतं आणि घाणही तो भरपूर करतो. माझ्या तिन्ही जातींना 24 ते 26 अंश सेल्सिअस आणि सातच्या आसपासचा पीएच चालतो, आणि कुणाचंच तोंड दुसऱ्याला गिळण्याएवढं नाही. निम्मी निवड इथेच होते.

उरलेली निम्मी संख्येवर ठरते, आणि माझ्या मते टाकी बिघडते ती इथे. प्रत्येक जातीचे दोन-दोन, तीन-तीन मासे म्हणजे नुसती रंगांची भेळ. थव्याने राहणारा मासा एकटा पडला की एक तर कोपऱ्यात दडतो, नाहीतर दुसऱ्यांच्या मागे लागतो. टायगर बार्ब याचा ठळक नमुना: तिघेच ठेवले की इतरांचे पर कुरतडतात, आठ-दहा असले की बरीचशी खुन्नस आपापसातच काढतात. (तरी लांब पर असलेल्या माशांबरोबर मी ते ठेवणार नाही.) माझे रासबोरा दहा असल्यामुळे दिवसभर समोर, मधल्या पाण्यात असतात. नर एकमेकांसमोर पर ताणून मिरवतात, पण अजून कुणाला इजा झालेली नाही.

खरी करमणूक कोरीडोरसची. तळाला बारीक वाळू घातली आहे. मासा तोंड पार डोळ्यांपर्यंत वाळूत खुपसतो, खाण्याचं तेवढं ठेवून घेतो आणि वाळू कल्ल्यांतून बाहेर सोडतो. धारदार खडीवर हेच करताना त्यांच्या मिशा झिजतात. मधूनच एखादा सुसाट वर जाऊन हवेचा घोट घेऊन येतो. पाहुणे घाबरतात, पण त्यात काही वावगं नाही. ही जात आतड्यातूनही श्वास घेते. सगळेच सारखे वर धावू लागले तर मात्र पाणी तपासावं. हे 'सफाई कामगार' आहेत हा समज तेवढा सोडा. विष्ठा ते खात नाहीत. त्यांना बुडणाऱ्या गोळ्या लागतात, आणि त्याही दिवा बंद केल्यावर टाकाव्या लागतात, कारण रासबोरा इतके हावरट की उजेडात तळापर्यंत काही पोचूच देत नाहीत. आणखी एक, कोरीडोरसना जाळीने पकडू नका. परांचे काटे जाळीत अडकतात, भांड्याने उचललेलं बरं.

गोरामीबद्दल मत थोडं संमिश्र आहे. ड्वार्फ गोरामी दिसायला जास्त भडक, पण त्या जातीत इरिडोव्हायरस या विषाणूचा त्रास बराच आढळतो, म्हणून हनी घेतला. आणला तेव्हा फिकट, लाजरा. तरंगत्या वनस्पती घातल्यावर कुठे मोकळा झाला. नर रंगात आला की अंग मधासारखं पिवळं आणि गळ्यापासून पोटाखालपर्यंत काळसर निळा पट्टा. पुढच्या दोऱ्यासारख्या परांनी तो समोर येईल ते चाचपून बघतो, कोरीडोरसची पाठसुद्धा. पण बुडबुड्यांचं घरटं केलं की वरचा एक कोपरा त्याचा, तिथे रासबोरांनाही मज्जाव. माद्यांना दडायला दाट झाडी हवीच. दोन नर या टाकीत ठेवायची माझी तयारी नाही.

देखभालीत विशेष काही नाही. मासे आणण्याआधी टाकी नुसतं पाणी भरून, माशांशिवाय चालवून अमोनिया आणि नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्यावर येऊ दिलं, त्याला पाचेक आठवडे लागले. आता दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलतो. नवीन मासे एकदम न आणता एकेक जात आणली, आणि प्रत्येक वेळी आधी वेगळ्या टाकीत ठेवून निरोगी असल्याची खात्री केली.

टाकी दोन फुटी असेल तर हाच संच जसाच्या तसा उचलू नका. ब्राँझऐवजी पिग्मी कोरीडोरसचा थवा घ्या, ते जेमतेम अडीच सेंटिमीटरचे असतात आणि तळाशी न बसता मधल्या पाण्यातही पोहतात. रासबोरा सहा-सात पुरे. गोरामी एकच.