फ्रिजवर २५ दिसत होतं

आधी आकडे सांगून टाकतो, गावात भेटेल तो तेच विचारतो. रेशमाची अंडी उबवायला घेतलेला जुना एकदारी फ्रिज, त्याला लावलेला टेम्परेचर कंट्रोलर, गॅस भरणं आणि गावापर्यंतचं छोट्या हत्तीचं भाडं मिळून ९,७०० रुपये गेले. रेशमाची एक बॅच गेली, ती वेगळी. आणि रेशीम कार्यालयातल्या एका भल्या माणसाशी मी विनाकारण भांडलो, ते तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आमचं गाव आर्वी-पुलगाव पट्ट्यातलं. सव्वा एकर तुती, पत्र्याचं शेड, वर्षाला चार बॅच. एरवी मी चॉकी सेंटरवरून, म्हणजे कोवळ्या अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणतो, अंड्यांच्या भानगडीत पडत नाही. त्या वर्षी नाव नोंदवायला उशीर झाला, सेंटरवाल्यानं हात वर केले. मग अंडीपुंज (एका पतंगानं घातलेल्या अंड्यांचा पुंजका) आणून घरीच उबवायचं ठरवलं. त्याला २५ अंश तापमान आणि ८० टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो. एवढं सांभाळलं की दहाव्या-अकराव्या दिवशी सकाळी सगळ्या अळ्या एकदम बाहेर येतात. पण पाऊस लांबला की आमच्याकडे जूनमध्ये २५ हा आकडा फक्त बँकेच्या एसीवर दिसतो.

तालुक्याच्या गावी एक फ्रिज दुरुस्तीवाला आहे. नाव लिहीत नाही. माझ्या आधी दोघा-तिघांनी त्याच्याकडून जुने फ्रिज घेतले होते आणि कुणाची तक्रार ऐकली नव्हती. रोहिणी नक्षत्र लागलं त्याच आठवड्यात मी गेलो. त्यानं एक निळा फ्रिज दाखवला. बाजूच्या पत्र्यात चौकोनी भोक पाडून काळा डिस्प्ले बसवलेला, त्यावर लाल आकडे.

"भाऊ, रेशीमवाल्यायसाठी खास बनवलं हे. थंडबी करते अन् गरमबी. फॉरेनमधी लोक घरी बिअर बनवते न, ते हेच मशीन लावते."

हे त्यानं खरं सांगितलं, म्हणूनच मी फसलो. माझ्या भाच्यानं पुण्याहून फोनवर तेच सांगितलं होतं. परदेशात घरी बिअर करणाऱ्यांना यीस्टसाठी १८ ते २० अंश लागतात, लागर नावाच्या बिअरच्या यीस्टला त्याहून बरेच कमी. फ्रिजचं स्वतःचं बटण कितीही फिरवलं तरी ते अठरा-वीसवर थांबत नाही. म्हणून ते लोक बटण पार थंडावर ठेवतात आणि फ्रिजचा प्लग कंट्रोलरच्या हाती देतात. एसटीसी-१००० नावाचं हे यंत्र ऑनलाइन हजाराच्या आत मिळतं. त्यात दोन रिले, म्हणजे आपोआप चालू-बंद होणारे स्विच, असतात. एकावर फ्रिज, दुसऱ्यावर हीटर किंवा बल्ब. तापलं की फ्रिज चालू, निवलं की बल्ब. मला नेमकं हेच हवं होतं, फक्त बिअरच्या जागी अंडी.

(बिअरचं नाव निघालंच म्हणून सांगतो. आपल्या राज्यात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं गुन्हा आहे आणि आमचा वर्धा जिल्हा तर गांधीजींचा, दारूबंदीचा. फ्रिजमध्ये बल्ब आणि वायरी दिसल्यावर शेजारचे काकाजी दोनदा येऊन वास घेऊन गेले. "काऊन बे, हातभट्टी लावली का तू?")

दुकानात त्यानं फ्रिज चालू करून दाखवला. डिस्प्लेवर ३५ होतं. पाऊण तासात २५.० झालं, कंप्रेसर टक् करून बंद पडला, हिरवा दिवा विझला. मी मोबाइलवर व्हिडिओ काढला, घरी दाखवायला म्हणून. या व्हिडिओकडे पुन्हा येतो.

निघताना त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. "बिल घ्याल तं जीएसटी लागते भाऊ, कायले उगाच?" आणि दुसरी, "पाऱ्याचं थर्मामीटर आत ठेवू नोका. फुटलं तं सगळे अंडे खल्लास." मला ती काळजी वाटली. पाच हजार रोख दिले, ४,७०० फोनवरून त्यानं सांगितलेल्या नंबरवर टाकले. तो नंबर त्याच्या साळ्याचा निघाला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात १०० अंडीपुंज आणले. एका अंडीपुंजात साधारण ४०० ते ५०० अंडी, म्हणजे कागदाच्या त्या घडीत चाळीस-पन्नास हजार जीव. फ्रिज हवा कोरडी करतो म्हणून खाली ताटात ओला फोम ठेवला, बल्बवर डब्याचं पत्र्याचं झाकण घातलं. सेन्सर पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडला, म्हणजे दार उघडलं की आकडा उगाच नाचत नाही आणि कंप्रेसर सारखा चालू-बंद होत नाही. रात्री लाइट गेली तर तीनला उठून पाहायचो. डिस्प्लेवर २५.१, २५.३, २४.९. इतका गुणी आकडा मी माझ्या पोराच्या मार्कशीटवरही पाहिला नाही.

अळ्या निघायला आठव्याच दिवशी सुरुवात झाली. थोड्या आठव्या दिवशी, थोड्या नवव्या, काही अकराव्या, आणि निम्म्याच्या जवळपास अंडी तशीच राहिली. निघाल्या त्याही मरतुकड्या. पानावर सोडलं तर पानाच्या कडेला जाऊन बसायच्या. वेगवेगळ्या दिवशी निघालेल्या अळ्या एकत्र वाढवणं म्हणजे पहिलीची आणि चौथीची पोरं एका बाकावर बसवून शिकवणं. एक झोपते तेव्हा दुसरी खाते. १०० अंडीपुंजांत ६०-७० किलो कोष यायला हवेत. माझे १९ किलो भरले, त्यातही पातळ कोषच जास्त.

मी सरळ रेशीम कार्यालयात गेलो आणि साहेबांना चार लोकांसमोर बोललो. अंडीच खराब दिली, रस्त्यात तापली असतील, तुम्ही लोक असेच. ते शांतपणे म्हणाले, "याच लॉटची अंडी अजून अकरा जणांनी नेली. त्यांची बरी निघाली. तुमचं तापमान कसं होतं?" मी छाती ठोकून सांगितलं, पंचवीस. रोजचे फोटो आहेत म्हणालो. आणि फोटो दाखवलेही.

पुढे पाऊस लागला. फ्रिज ओसरीत रिकामाच पडला होता. एकदा सहज त्यावर २० लावून पाहिलं, तर संध्याकाळपर्यंत २०.२ वर आला. तसाच चालू राहू दिला. मायनं त्यात आपलं कपाट केलं. फणी, कुंकवाचा डबा, खोबरेल तेलाची बाटली. मुंग्या लागत नाहीत म्हणे. दोन दिवसांनी सकाळी ती वेणी घालता घालता म्हणाली,

"काहून रे, हे तेल गोठत काहून नाही? थंडीत तं आपोआप दगड होते."

मी म्हटलं, बाई, इथे थंडी कुठे. आणि बोलता बोलता गप्प झालो. शुद्ध खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं. दोन दिवस २० अंशांत राहिलेली बाटली हातावर उपडी केली तर तेल पाण्यासारखं ओघळलं.

त्या दिवशी शेतात गेलो नाही. काकाजींकडून बर्फाचे ट्रे आणले, फडक्यात गुंडाळून वरवंट्यानं ठेचले, स्टीलच्या पेल्यात भरले, बर्फाच्या वरच्या थराच्या जरा खाली राहील इतकंच पाणी घातलं आणि चमच्यानं ढवळत राहिलो. वितळतं बर्फ आणि पाणी एकत्र असलं की ते शून्य अंशावर असतं, तिथे कुणाचं काही चालत नाही. आधी शेडमधलं ओल्या-कोरड्या बल्बचं थर्मामीटर (ओलावा मोजायची दोन नळ्यांची जोडी) काढून त्यातला कोरडा बल्ब, म्हणजे साधं तापमान दाखवणारी नळी, बुडवला. पारा शून्यावर येऊन थांबला. मग कंट्रोलरचा सेन्सर बुडवला. आकडा उतरत गेला. पाच, दोन, शून्य, आणि तिथे न थांबता खाली. उणे तीन. उणे पाच. उणे ६.० वर स्थिरावला. पेल्यात पाणी हलत होतं आणि डिस्प्ले सांगत होता उणे सहा.

भाच्याला फोन लावला. त्यानं सांगितल्याप्रमाणे एस लिहिलेलं बटण तीन सेकंद दाबून धरलं. एफ-१ आलं, ते ठरवलेलं तापमान. एफ-२ म्हणजे किती फरक पडला की यंत्रानं जागं व्हायचं. एफ-३ म्हणजे बंद झालेला कंप्रेसर पुन्हा सुरू करण्याआधी किती मिनिटं थांबायचं, नाहीतर तो जळतो. आणि एफ-४, सेन्सरची दुरुस्ती. ही सोय खरं तर चांगल्यासाठी दिलेली. सेन्सर अर्धा-एक अंश चुकत असेल तर तेवढं मिळवायचं किंवा वजा करायचं. नव्या यंत्रात तिथे शून्य असतं, आणि उणे दहापासून अधिक दहापर्यंत काहीही भरता येतं. माझ्यात भरलं होतं उणे ६.०.

म्हणजे डिस्प्लेवर २५ होतं तेव्हा आत ३१ होते. मी माझ्या हातानं ती अंडी रोज ३१ अंशांत शिजवली आणि रोज फोटो काढले.

मग तो दुकानातला व्हिडिओ पुन्हा पाहिला. सुरुवातीला फ्रिजचं दार सताड उघडं आहे, डिस्प्लेवर ३५. मागे टीनाचं छप्पर, फुल स्पीडचा पंखा, आणि माझा शर्ट पाठीला चिकटलेला. त्या दुपारी त्या दुकानात एकेचाळीसच्या खाली काही नव्हतं. दार उघड्या फ्रिजमध्ये खोलीपेक्षा सहा अंश कमी कुठून येणार? सगळं डोळ्यांसमोर होतं. मी आकड्याकडे पाहत होतो.

हे त्यानं का केलं, ते दुसऱ्या मिस्त्रीनं दाखवलं. फ्रिज चालू करून अर्ध्या तासानं त्यानं फ्रीझरचं दार उघडलं. बर्फाची पांढरी झाक फक्त एका कोपऱ्यात, नळी जिथून आत शिरते तिथे. बाकी पत्रा नुसता गार. "गॅस कमी हाये भाऊ, लीक असन कुठंतरी." ज्या गॅसचे माझ्याकडून वेगळे १,८०० घेतले तो भरलाच नव्हता, किंवा भरून गळून गेला होता. मे महिन्यात तो फ्रिज २५ पर्यंत पोचूच शकत नव्हता. लीक शोधणं, जोडणं, गॅस भरणं यात दिवस जातो. एफ-४ बदलायला दहा सेकंद लागतात.

मी गेलो तेव्हा तो आधी हसला. "पावसाळ्यात सेन्सर हालते भाऊ." मी म्हटलं, बरोबर सहाच अंश, पॉइंट शून्य? मग म्हणाला, कंपनीतूनच तसं येते. मग म्हणाला, तुमच्याच पोट्ट्यानं बटण दाबलं असन. एकाच माणसानं पाच मिनिटांत तीन कारणं दिली. मी व्हिडिओ दाखवला तर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून बाहेर चहाला निघून गेला.

ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर फोन केला. तिथं कळलं ते सांगतो, कारण मला वाटत होतं की धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूची तक्रार चालत नाही. स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतलेली वस्तू चालते. जिल्हा आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, आणि राहत्या जिल्ह्यातच करता येते. माझ्याकडे बिल नव्हतं, पण साळ्याच्या खात्यावर गेलेल्या ४,७०० ची नोंद होती, व्हिडिओ होता. मी तयारी करतो आहे हे कुणीतरी त्याच्या कानावर घातलं. चौथ्या दिवशी साळ्याचा फोन. "भाऊ, तीन हजार घ्या अन् मिटवून टाका, एकाच बाजारातले लोक आपण." मी घेतले. "मिटलं" असा मेसेजही पाठवला. घरात सगळे म्हणाले बरं केलं. मला तो मेसेज आजही खुपतो. तो पाठवून मी माझीच बाजू कापली.

साहेबांकडे गेलो होतो, माफी मागायला. त्यांनी बसवलं, चहा दिला, आणि विचारलं, "तो बर्फाचा प्रकार जरा नीट सांगा, बाकीच्यांना सांगायला होईल."

दुसऱ्या मिस्त्रीनं लीक जोडून गॅस भरला, एफ-४ शून्यावर आणला. आता रोज कंट्रोलर आणि थर्मामीटरचा कोरडा बल्ब दोन्ही पाहतो. माय अजून बाटली आतच ठेवते. २५ वर तेल पातळच राहतं, तरी ती रोज हलवून पाहते.

परवा त्या दुकानदाराच्या स्टेटसला फोटो होता. दुसरा फ्रिज, लाल रंगाचा, "धिंगरी मशरूमवाल्यांसाठी खास". डिस्प्लेवर २४.०. देवळीकडच्या एका पोरानं तोच फोटो पाठवून मला विचारलं, "दादा, तुम्ही याच्याकडूनच घेतला होता न? घेऊ का?" मी त्याला सांगितलं, थर्मासमध्ये बर्फ घेऊन जा, आणि त्याच्यासमोर सेन्सर त्यात बुडव.