तीळ काढल्यावर राहिलेला वण: जेल, पट्टी, सुया की लेझर?

गालावरचा तीळ किंवा मस काढून घेतला, खपली पडली आणि खाली वण दिसू लागला की बहुतेक जण थेट मेडिकलमध्ये जाऊन ‘डागावरची क्रीम’ मागतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, त्याआधी खिडकीच्या उजेडात वण नीट बघा, त्यावरून बोट फिरवा. वण सपाट आहे, फक्त रंग वेगळा आहे? बोटाला उंचवटा लागतो? की खळगा आहे? पैसे कुठे घालायचे हे यावरच ठरतं.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर बहुतेकदा प्रश्न रंगाचाच असतो. जखमेच्या दाहामुळे त्या जागी मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त तयार होतं आणि ऊन लागलं की ते आणखी गडद होतं. इथे सनस्क्रीनसारखा दुसरा उपाय नाही. एसपीएफ ३० किंवा जास्त हवा, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावायचा. आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन मिळालं तर उत्तम, कारण दिसणारा प्रकाशही डाग गडद करतो आणि साधं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. असा डाग काही महिन्यांत आपोआप फिका होत जातो. एवढा धीर नसतो म्हणून लोक हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड यांचं मिश्रण असलेली ट्यूब चिठ्ठीशिवाय आणतात. सुरुवातीला चेहरा उजळतो, म्हणून ती लावणं चालूच राहतं. मग त्वचा पातळ होते, लाल केशवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येतं आणि क्रीम बंद केली की चेहरा पेटतो. एका ठिपक्यापायी अख्खा गाल खराब झालेला बघवत नाही.

वण उंच होत असेल तर सिलिकॉन. ते जखम पूर्ण बंद झाल्यावरच सुरू करायचं, ओल्या जखमेवर नाही. तोवर साधं पेट्रोलियम जेली पुरेसं असतं. सिलिकॉनची पट्टी दिवसाचे बारा तास तरी चिकटून राहायला हवी. गालावर, आपल्या दमट हवेत, ती घामाने सुटते आणि खाली घामोळं येतं. म्हणून चेहऱ्यासाठी मी जेलच निवडेन. दिवसातून दोनदा, अगदी पातळ थर लावायचा आणि तो वाळल्यावर वरून सनस्क्रीन. बोट फिरवल्यावर जेलच्या वळ्या निघत असतील तर थर जाड झालाय. हे किमान दोन-तीन महिने करावं लागतं. कांद्याच्या अर्काची जेल स्वस्त पडते, पण तिचे पुरावे कमकुवत आहेत. व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून लावणं तर सोडाच: १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सुमारे एकतृतीयांश जणांना त्याची ॲलर्जी झाली होती. लिंबूही नको.

मूळ जखमेच्या हद्दीबाहेर पसरणारा, खाजणारा, टणक वण म्हणजे केलॉइड. जबड्याची कड आणि कानाची पाळी या त्याच्या नेहमीच्या जागा. तो नुसता कापून काढला तर बऱ्याचदा परत येतो, कधी आधीपेक्षा मोठा. तिथे त्वचारोगतज्ज्ञाकडून दर चार-सहा आठवड्यांनी ट्रायॲम्सिनोलोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन घेणं हा मुख्य मार्ग.

खळगा मात्र कुठल्याच क्रीमने भरून येत नाही. मायक्रोनीडलिंग (बारीक सुया टोचणं) आणि फ्रॅक्शनल सीओटू लेझर (त्वचेवर ठिपक्या-ठिपक्यांनी मारला जाणारा लेझर) यांत लेझरचा परिणाम एका बैठकीत जास्त दिसू शकतो, पण त्याच्या उष्णतेने सावळ्या त्वचेवर नवे काळे डाग उमटण्याचा धोकाही जास्त. सुयांनी हे काम हळू होतं, महिन्याभराच्या अंतराने तीन-चार बैठका लागतात, पण रंग बिघडण्याची भीती कमी. सावळ्या चेहऱ्यावरच्या लहान खळग्यासाठी मी आधी सुयाच सुचवेन, त्याही दवाखान्यात. ऑनलाइन मागवलेला सुयांचा रोलर घरी फिरवून जंतुसंसर्ग ओढवून घेऊ नका.

लग्न किंवा साखरपुडा दीड महिन्यावर असेल तर लेझर नकोच. जेल, सनस्क्रीन आणि त्या दिवशी कन्सीलर. नवा वण मुरायला वर्षभरही लागतं, त्यामुळे मोठा खर्च पुढे ढकलल्याने बिघडत काही नाही. फक्त तीळ काढलेल्या जागी काळा रंग पुन्हा उगवू लागला तर त्यावर जेल चोळत बसू नका. काढलेला तुकडा तपासणीला पाठवला होता का हे विचारा, रिपोर्ट असेल तर सोबत न्या आणि ती जागा लगेच डॉक्टरांना दाखवा.